दारयवहूचं नाणं आणि डोरोथीचा कुत्रा

अमेरिकेहून आल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण नायगाऱ्याचे फोटो मागतो. नायगारा मी पाहिलाच नाही. माझ्या मोबाइलमध्ये आहे तो पेनसिल्व्हेनियातल्या एका कुत्र्याच्या पोटाचा एक्स-रे. तो दाखवला की पाहुणे चहाचा कप खाली ठेवतात आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. शेजारच्या वहिनी तर दोनदा ऐकून गेल्या आणि तिसऱ्यांदा जाऊबाईंना घेऊन आल्या. म्हटलं, आता एकदाचं लिहूनच काढावं.

ट्रॉय

माझी मुलगी केतकी मिशिगनमधल्या ट्रॉय गावात राहते. डेट्रॉइटला लागूनच आहे. तिथे ज्याला विचाराल तो एकतर गाड्या बनवतो नाहीतर गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. केतकी सॉफ्टवेअरवाली. मी तिच्याकडे तीन महिन्यांसाठी गेले होते.

तिच्यापासून तीन घरं सोडून दामले काका राहतात. वय एक्याऐंशी. तरुणपणी पुण्याहून इंजिनिअर म्हणून गेले आणि जन्मभर गिअरबॉक्स केले. वसुधाकाकू सात वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून एकटेच असतात. ट्रॉयमधली लहानथोर सगळी मराठी मंडळी त्यांना काकाच म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागले.

मी नागपूरची. इतवारीतल्या एका सराफाच्या पेढीवर सत्तावीस वर्षं काउंटरला होते. बांगडी तळहातावर ठेवली की काटा काय सांगणार ते मला आधी कळतं. लेकीला माझ्या या गुणाचं भारी कौतुक. तिनं ते काकांच्या कानावर घातलं आणि दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन आला.

"ताई, चहाला या. तुम्हाला एका गृहस्थांना भेटवायचंय."

मी चांगली साडी नेसून गेले. घरात काकांशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी कपाटातून एक डबी काढली. डबीत मखमल, मखमलीवर प्लास्टिकची गोल पारदर्शक कॅप्सूल, आणि तिच्यात एक सोन्याचं नाणं. नाणं तरी काय, वालाच्या दाण्यासारखं, एका बाजूनं फुगलेलं, दुसऱ्या बाजूनं दबलेलं. त्यावर दाढीवाला, मुकुट घातलेला राजा. एक गुडघा टेकलेला, एका हातात धनुष्य, दुसऱ्यात भाला. मागे चित्रबित्र काही नाही, नुसता ठोक्याचा ओबडधोबड खड्डा.

"दारिक," काका हळूच म्हणाले, जणू नाण्याला झोप लागली होती. "इराणच्या दारयवहू राजानं हे पाडायला सुरुवात केली. जवळजवळ अडीच हजार वर्षं झाली. बायबलच्या काळातलं सोनं म्हणतात ते हेच. ज्यू लोक हद्दपारीतून जेरुसलेमला परतले आणि देऊळ पुन्हा बांधायला लागले, तेव्हा दानात असली नाणी आली होती."

माझा हात आपोआप पुढे गेला.

"नाही," काका म्हणाले. अगदी गोड आवाजात, पण नाहीच. "घामानं, तेलानं नाणं खराब होतं. कॅप्सूलसकट घ्या."

घेतलं. पण प्लास्टिकमधून सोनं म्हणजे दुकानाच्या काचेतून आंबा. सत्तावीस वर्षांत मला कुणी सोन्याला हात लावू नका म्हटलं नव्हतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे इथेच कबूल करते.

पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज म्हणून विद्यापीठाचं गाव आहे. त्याच्या जवळच्या एका खेड्यातल्या चर्चनं काकांना बोलावलं होतं. त्यांना चर्चचं छप्पर नवं करायचं होतं, म्हणून जुन्या देवळासाठी दिलेलं सोनं कसं होतं ते लोकांना दाखवावं, अशी तिथल्या बाईंची कल्पना. काकांना हायवेवर गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केलेली.

"काका, मी ड्राइव्ह करते ना!" केतकी म्हणाली. "तसंही आईला फॉल कलर्स दाखवायचेत."

शुक्रवार, वाटेवर

काका पुढच्या सीटवर बसले. नाण्याची डबी शर्टाच्या आतल्या खिशात आणि खिशाला दोन सेफ्टी पिना. शेजारून ट्रक गेला की ते डोळे मिटून त्याचा गिअरबॉक्स ऐकायचे आणि "बिचारा" किंवा "उत्तम" एवढंच म्हणायचे.

ओहायोत एका रेस्ट एरियात जेवायला थांबलो. मी पहाटे उठून सांबारवडी केली होती. काकांनी वडी उलटसुलट करून पाहिली.

"यात सांबार कुठंय?"

"हे काय, सगळं सांबारच तर आहे."

"डाळ दिसत नाही."

"काका, नागपूरला कोथिंबिरीला सांबार म्हणतात," केतकीनं खुलासा केला. "आई, तू कोथिंबीरवडी म्हण ना यार, सगळे कन्फ्यूज होतात."

काकांनी सहा वड्या खाल्ल्या आणि मग त्यांना इतिहास सुचला. म्हणाले, "एक गंमत सांगतो. बायबलमध्ये दावीद राजाच्या काळातल्या दानातही दारिकांचा उल्लेख आहे. पण दावीद होऊन गेला तेव्हा दारिक जन्मालाही आलं नव्हतं! लिहिणाऱ्यानं आपल्या काळातलं नाणं मागच्या काळात नेऊन टाकलं. हे मी उद्या सांगणार."

केतकीचा घास हातातच राहिला. "चर्चमध्ये?"

"सत्य आहे ते."

"सत्य आहे हो काका, पण जेवण लेक्चरच्या आधी आहे की नंतर ते बघून सांगा."

दुपारनंतर डोंगर लागले. झाडांना लाल, केशरी, पिवळे रंग. आपल्याकडे पळस फुलतो तो पानं गळून गेल्यावर. इथे पानंच पेटलेली. एका वळणावर समोर चक्क काळी घोडागाडी चाललेली. त्या भागात आमिश नावाचे लोक राहतात, ते मोटार वापरत नाहीत. मला लहानपणीचा सीताबर्डीचा टांगा आठवला. फरक एवढाच की आमचा टांगेवाला कुठे वळणार हे घोड्यालाही ठाऊक नसायचं, आणि या बग्गीनं मागे दिवा लुकलुकवून आम्हाला रीतसर सांगितलं. केतकी मुकाट तिच्या मागून जात राहिली. काकांनी डोळे मिटून टापा ऐकल्या आणि "उत्तम" म्हणाले.

शनिवार, चर्चचा हॉल

कार्यक्रम संध्याकाळी होता, पण आम्ही दुपारीच तयारीला गेलो. सगळी व्यवस्था डोरोथी नावाच्या सत्तरीच्या बाईंकडे होती. उंच, पांढरे केस, स्वेटरवर भोपळे विणलेले. त्यांच्यामागे त्यांचा कुत्रा. लांब कान, आखूड पाय, तपकिरी-पांढरा. त्याचं नाव पिकल्स. मी मनात भाषांतर केलं, लोणचं. डोरोथीबाईंनी मला सांगितलं की तो फार सद्गुणी आहे, फक्त खाण्याच्या बाबतीत नाही.

टेबलावर पदार्थ यायला लागले होते. एक हिरवी जेली थरथरत होती आणि तिच्या पोटात किसलेलं गाजर दिसत होतं. गोड जेलीत कोशिंबीर! आपण गाजराचा हलवा करतो तेव्हा त्यांनाही असंच वाटत असेल म्हणून मी चेहरा सरळ ठेवला. मुलांना वाटण्यासाठी सोनेरी कागदात गुंडाळलेल्या चॉकलेटच्या नाण्यांची मोठी टोपली ठेवली होती.

काकांनी आमच्यासाठी मांडलेल्या टेबलावर डबी उघडली, कॅप्सूल बाहेर काढली, दिव्याखाली ठेवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "प्लास्टिकवर चमक येतेय. धनुष्य दिसत नाही." मग ते हात धुवायला गेले. केतकी प्रोजेक्टरशी झटापट करत होती. डोरोथीबाई स्वयंपाकघरात होत्या.

आणि मी कॅप्सूल उघडली.

का, ते विचारू नका. नखानं कड उचलली, टक् झालं आणि दारयवहू माझ्या तळहातावर आला. मी डोळे मिटले. साडेआठ ग्रॅमला जरासं कमी. वजन बरोबर सांगता आल्याचा मला इतका आनंद झाला की काकांची पावलं ऐकूच आली नाहीत. ती ऐकू आली तेव्हा ते दाराशी होते. मी घाबरून नाणं जवळच्या कागदी ताटलीत टाकलं, वर शेजारच्या टोपलीतली मूठभर चॉकलेटं टाकली, रिकामी कॅप्सूल डबीत सरकवून झाकण लावलं आणि दात दाखवून हसले.

"ताई, गाडीतून माझा चष्मा आणता?"

नाही कसं म्हणणार? धावत गेले, धावत आले. दोन मिनिटं लागली असतील. काका केतकीच्या प्रोजेक्टरपाशी पाठमोरे उभे होते आणि ताटली जमिनीवर होती. सोनेरी कागदाचे कपटे इकडेतिकडे पडले होते. पिकल्स ताटली चाटत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं जे मी आजवर फक्त पंगतीत जिलेबीच्या तिसऱ्या वाढपानंतर पाहिलंय.

मी गुडघ्यांवर बसून सगळे कपटे चाचपले. टेबलाखाली शिरले. सत्तावीस वर्षांत पेढीवरची एक नथ माझ्या हातून हरवली नव्हती, आणि इथे अडीच हजार वर्षं टिकलेलं नाणं मी दोन मिनिटांत संपवलं होतं.

टेबलाखालूनच मी हाक मारली, "काका, एक सांगायचंय."

"बाहेर येऊन सांगा."

"नको, इथूनच बरं. काका, नाणं कुत्र्यानं खाल्लं."

"खाऊ द्या की. चॉकलेटची पुष्कळ आहेत."

"चॉकलेटचं नाही. दारयवहूचं."

वर डबी उघडल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा.

"आई!" केतकी ओरडली. "यार आई, काय करून ठेवलंस!"

डोरोथीबाई धावत आल्या. त्यांना चॉकलेटचंच ऐकू आलं आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या, कारण चॉकलेट कुत्र्यांना विषासारखं असतं. हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. नाणं तर गिळवलंच, वर कुत्राही मारते की काय! आम्ही सगळे गाडीत कोंबले गेलो. काका पुढे, मागे मी आणि डोरोथीबाई, आणि दोघींच्या मांडीवर आडवा पिकल्स. तो खिडकीतून मजेत झाडं बघत होता.

दवाखाना

शनिवार असूनही जनावरांचा दवाखाना उघडा मिळाला. दारावर पाटी होती, डॉ. मिलर. आत एक सावळी, केस वर बांधलेली, लहानखुरी मुलगी. तिनं इंग्रजीत सगळं विचारून घेतलं आणि पिकल्सला टेबलावर चढवलं.

काका कोपऱ्यात उभे होते. इतका वेळ गिळलेलं बोलणं आता मराठीतून बाहेर पडलं. "ही पोरगी कुत्र्याचं करणार? ही बारावी तरी झालीय का?"

डॉक्टर इंजेक्शन भरता भरता म्हणाली, "बारावी नाही झाली, काका. इथे बारावी नसते. पण डॉक्टर झाली."

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिचं नाव समीरा. आई-वडील मुंबईचे, ती इथेच जन्मलेली, लग्नानंतर मिलर. "My Marathi is terrible," ती हसत म्हणाली. "फक्त रागवायचं मराठी येते. आई तेवढंच बोलते."

इंजेक्शननं पिकल्सला ओकारी झाली. चॉकलेट आलं, कागद आले, गाजर घातलेली हिरवी जेलीही आली, म्हणजे तिकडेही कुणाचं लक्ष नव्हतं. नाणं मात्र आलं नाही. मग एक्स-रे काढला. पडद्यावर बरगड्या, मणके, आणि मधोमध एक लख्ख पांढरा वालाचा दाणा.

"हेच ते," काका पुटपुटले. ते पडद्याच्या इतके जवळ गेले की नाक टेकलं. "डावीकडची फुगलेली कड बघा. हेच."

समीरानं समजावून सांगितलं. चॉकलेटचा धोका टळला होता. सोनं पोटात काही बिघडवत नाही, नाण्याला टोकदार कड नाही. वाट पाहिली तर बहुतेक नेहमीच्या वाटेनं आपोआप बाहेर पडेल, रात्रीत नाहीतर दोन-तीन दिवसांत. लगेच हवं असेल तर मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेऊन, भूल देऊन काढावं लागेल. पिकल्स बारा वर्षांचा होता. भूल देणं त्याच्या हृदयाला तितकंसं बरं नव्हतं.

डोरोथीबाई उभ्या राहिल्या. "काढा," त्या म्हणाल्या. "माझ्या कुत्र्यानं यांची एवढी मौल्यवान वस्तू खाल्लीय. त्यांच्यासमोर मला तोंड दाखवता येणार नाही."

पाप माझं आणि सुरी त्या लोणच्यावर! मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका पुढे आले. पिकल्सनं मान उचलून त्यांचा हात चाटला. ज्या हाताला घाम, तेल लागू नये म्हणून ते नाण्याला तीस वर्षं जपत होते, तोच हात. काकांनी तो काढून घेतला नाही.

"मॅडम," ते इंग्रजीत म्हणाले, "या नाण्यानं अडीच हजार वर्षं वाट पाहिलीय. आणखी दोन दिवस पाहील. कुत्रा घरी न्या."

डोरोथीबाईंनी त्यांना मिठी मारली. काकांना मिठीची सवय नसावी. ते हात बाजूला धरून, रेल्वेच्या सिग्नलसारखे उभे राहिले.

संध्याकाळी हॉल भरला. नाणं नव्हतं, पण एक्स-रे होता. केतकीनं तो प्रोजेक्टरवर लावला. भिंतभर पिकल्सच्या बरगड्या आणि मधोमध दारिक. काकांनी काठी त्या पांढऱ्या ठिपक्यावर ठेवली आणि अगदी गंभीरपणे सुरुवात केली, "लेडीज अँड जंटलमेन, हे दारिक सध्या प्रवासात आहे."

असं हसणं मी त्या देशात दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. दावीद राजाचंही ते बोललेच. केतकीनं डोळे मिटून घेतले. पण लोक इतक्या आनंदात होते की एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "म्हणजे तेव्हाही कारकून चुका करायचे तर!" आणि टाळ्या पडल्या. जेवण आधीच झालेलं होतं, हेही बरंच झालं.

रविवार

समीरानं पिकल्सला शिजवलेला भोपळा भरपूर द्यायला सांगितलं होतं. आम्ही सकाळी सातला डोरोथीबाईंच्या अंगणात हजर. गवतावर पांढरं दव गोठलेलं. केतकीनं खिशातून रबरी हातमोजे काढले, तर मी ते तिच्या हातातून घेतले.

"आई, थंडी आहे, मी करते."

"नाही. हे काम माझंच आहे."

पिकल्स अंगणभर हिंडला. प्रत्येक झाड हुंगलं. एका खारीकडे बराच वेळ पाहत बसला. काका, केतकी, डोरोथीबाई आणि मी, चौघं त्याच्या मागे मागे, तो थांबला की थांबायचं, तो निघाला की निघायचं. रस्त्यावरून जाणारी एक बाई आमच्याकडे बघत बघत दोनदा गेली. शेवटी एका मेपलच्या झाडाखाली पिकल्स वर्तुळात फिरला आणि बसला.

पुढचं सविस्तर लिहीत नाही. एवढंच सांगते की इतवारीत मी सोनं आम्लात, आगीत, कसोटीवर पारखताना पाहिलंय. हा प्रकार नवीन होता. पण बोटाला काहीतरी कठीण लागलं, आणि मोज्यातूनही ते मला कळलं.

"काका, आहे!"

काका त्या ओल्या गवतात मटकन खालीच बसले. डोरोथीबाईंनी आकाशाकडे पाहिलं. मी नळाखाली नाणं धुतलं, साबणानं धुतलं, पुन्हा धुतलं. राजाच्या दाढीचा एक केससुद्धा बिघडला नव्हता. गुडघा टेकून, धनुष्य धरून तो तसाच बसलेला. मग मी तिथेच, ओल्या हातांनी, काकांची माफी मागितली. आदल्या दिवशी धावपळीत ती राहूनच गेली होती.

काका नाण्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "तुम्हाला वजन कळलं का?"

"साडेआठला जरा कमी."

"बरोबर," ते म्हणाले.

दहा वाजता चर्चमध्ये प्रार्थना होती आणि गावाला बातमी आधीच लागलेली. प्रार्थना संपल्यावर कुणी जागचं उठेना. काका पुढे गेले. मी डबी आणि कॅप्सूल घेऊन उभी होते. त्यांनी कॅप्सूल घेतली नाही. त्यांनी नाणं पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंच्या हातात ठेवलं.

"धरा," ते म्हणाले. "कुत्र्याच्या पोटातून आलंय. आता तुमच्या हातानं काय बिघडणारेय?"

आजींनी ते दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं. मग शेजारच्याला दिलं. चाळीसेक माणसं असतील. शेतकरी, एक आई कडेवर बाळ घेऊन, कालचे ते कारकूनवाले गृहस्थ, मागच्या बाकावर समीरा. काहींनी वासही घेऊन पाहिला. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जात नाणं शेवटी माझ्यापर्यंत आलं, आणि इतक्या हातांतून येऊन ते कोमट झालं होतं. चोरून घेतलं तेव्हा मी नुसतं वजन पाहिलं होतं. आता राजाच्या गुडघ्यावरून अंगठा फिरवला. तिथे ते झिजलेलं आहे. फार पूर्वी कुणीतरी, खूप जणांनी, असाच अंगठा फिरवला असणार.

मी नाणं काकांना परत दिलं. त्यांनी मूठ बंद केली.

"वसुधानं एकदा मागितलं होतं हातात," ते मराठीत म्हणाले, मला ऐकू येईल इतकंच. "लग्नाच्या वाढदिवसाला. मी कॅप्सूलसकट दिलं."

मी त्यांच्या मुठीवर हात ठेवला आणि आम्ही तसेच उभे राहिलो. काकांनी नाकातून मोठा श्वास घेतला, चष्मा काढून पुसला आणि सगळ्यांना दिसावं म्हणून नाणं पुन्हा एकदा उंच धरलं.

तेवढ्यात डोरोथीबाईंच्या पायाशी झोपलेला पिकल्स उठून उभा राहिला आणि त्यानं शेपूट हलवली. अख्खं चर्च एका आवाजात ओरडलं, "नो!"